रे वर अडकलेली बासरी: शाहूपुरीतल्या ३१ फ्लॉप्यांचं प्रकरण

अण्णांच्या मुलीचा, म्हणजे आमच्या ताईचा, फोन आला तो २०२५ च्या संक्रांतीच्या आसपास. "फ्लॉपी अजून वाचता येती का रे? अण्णांच्या नाटकाचं म्युझिक तिच्यात हाय म्हणत्यात." मी म्हटलं, आधी फ्लॉप्या कुठं होत्या ते सांग. ताई जरा थांबली. "२०१९ ला पाण्यात होत्या. तीन दिवस."

शाहूपुरीत तळमजल्याला राहिलेल्यांना पुढचं सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अण्णांच्या घरात ते कमरेपर्यंत होतं. कीबोर्ड माळ्यावर होता म्हणून वाचला, कॉम्प्युटर शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेला. फ्लॉप्यांचा डबा पलंगाखालीच राहिला. पाणी ओसरल्यावर कुणीतरी तो वरून पुसला, झाकण घट्ट लावलं आणि कपाटात ठेवून दिला. ओला डबा झाकण लावून ठेवण्याइतकं वाईट काही नाही, पण घरातला चिखल उपसणाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगणार?

त्या डब्याचं पुढं काय झालं ते इथं तपशिलात लिहितोय. आपल्या कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी पट्ट्यात नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रा, मेळे आणि हौशी नाटकं करणाऱ्यांच्या घरी असे डबे अजून पडून असणार, हे एक कारण. दुसरं कारण खाजगी आहे. १९९५ साली हे नाटक केशवराव भोसले नाट्यगृहात झालं तेव्हा मी बारावीत होतो आणि विंगेत वायरी गुंडाळायला होतो. म्हणजे या प्रकरणात मी तटस्थ वगैरे नाही.

माळ्यावरचा ऐवज

साडेतीन इंची ३१ फ्लॉप्या. अटारी १०४० एसटी हा कॉम्प्युटर, आणि त्याच्या बाजूच्या खाचेत घुसवलेलं क्युबेस या संगीताच्या प्रोग्रॅमचं डोंगल, म्हणजे ज्याशिवाय तो प्रोग्रॅम चालत नाही ती किल्ली. कॉर्ग एम-१ कीबोर्ड. साठ मिनिटांची एक कॅसेट. आणि दोनशे पानी एक वही, जिचा खालचा अर्धा भाग शाई पसरून निळा झाला होता.

अण्णांनी कीबोर्ड आणि कॉम्प्युटर १९९३ मध्ये मुंबईच्या एका स्टुडिओकडून जुन्यात घेतले. दोन हंगामांचं उसाचं बिल त्यात गेलं. "एवढ्यात मळणी मशीन आलं असतं," असं त्यांचे थोरले भाऊ पुढं कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगायचे. अण्णा पेटीवाले. हार्मोनियमवर हात बसलेला, नाटकात, भजनात, मेळ्यात वाजवलेलं. त्यांना कॉम्प्युटर कशाला हवा होता? उत्तर साधं होतं. बासरीवाला मिळत नव्हता. मिळाला तर तालमीला येत नव्हता, आणि तालमीला आला तर प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या वरातीत असायचा.

अटारीच का, याला तांत्रिक कारण होतं. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी मालिकेच्या कॉम्प्युटरला मिडीची, म्हणजे कीबोर्ड जोडायची, भोकं कारखान्यातूनच होती. बाकीच्या बहुतेक कॉम्प्युटरला वेगळं कार्ड लागायचं. १९८९ मध्ये क्युबेस हा सीक्वेन्सर, म्हणजे सूर नोंदवून कीबोर्डकडून परत वाजवून घेणारा प्रोग्रॅम, पहिल्यांदा आला तोही अटारीवरच. आठ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, एक एमबी मेमरी, हार्ड डिस्क नाही. प्रोग्रॅम एका फ्लॉपीवर आणि गाणं दुसऱ्या फ्लॉपीवर. लाइट गेली की सगळं पुसलं.

आणि लाइट जायचीच. १९९५ च्या त्या पहिल्या प्रयोगाला तिसरी घंटा झाली आणि अंधार पडला. मिनिटभरात लाइट आली, पण तोवर अटारी कोराकरकरीत. अण्णा फ्लॉपी घालून बसले आणि ड्राइव्ह करकरू लागली. ऑक्टोपॅडवाल्याचंही मशीन बंद पडून परत चालू झालेलं, तो बटणं शोधत होता. तेव्हा ढोलकीवाल्यानं इकडंतिकडं न बघता ढोलकी ओढली आणि पडद्यामागून तीन मिनिटं एकट्यानं वाजवून काढली. प्रेक्षकांना वाटलं, नाटकाची सुरुवातच अशी आहे. टाळ्या पडल्या. अण्णांना त्याचा राग अजून गेलेला नाही.

फ्लॉपीत नेमकं काय असतं

इथं जरा थांबावं लागेल, कारण ताईचाही समज तोच होता जो बहुतेकांचा असतो: फ्लॉपीत म्युझिक आहे, म्हणजे आवाज आहे.

हिशोब करून बघू. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायचा तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावं-उजवं धरून दोन बाजू. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. नाटकाच्या सुरुवातीचं हे संगीत ३ मिनिटं १२ सेकंदांचं होतं. त्याला साधारण ३४ एमबी लागले असते. अण्णांची फ्लॉपी ७२० केबीची. हे एकच संगीत आवाज म्हणून ठेवायला ४६ फ्लॉप्या लागल्या असत्या, आणि अटारीच्या एक एमबी मेमरीत जेमतेम सहा सेकंद मावले असते. प्रत्यक्षात संपूर्ण नाटकाचं संगीत दोन फ्लॉप्यांवर होतं आणि वर जागा उरली होती.

कारण मिडीत आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली, एवढंच असतं. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत बंदिश उतरवली तर सूर आणि मात्रा कळतात, गाणाऱ्याचा गळा कळत नाही, तसंच हे. पट्टीला नंबर: मधला सी म्हणजे ६०. जोराला नंबर: १ ते १२७. एका वायरीतून सोळा चॅनेल, म्हणजे सोळा वादकांना एकाच वेळी सूचना.

वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली ती १९८३ पासून. त्या जानेवारीत अमेरिकेत अनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीनं जोडले आणि एक वाजवला की दुसरा वाजू लागला. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी खटपट केली होती; तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. कंपन्यांनी आपापसांत भांडत बसण्याऐवजी हे खुलं ठेवलं म्हणून शाहूपुरीतल्या पेटीवाल्याला जपानी कीबोर्ड आणि अमेरिकन कॉम्प्युटर जोडता आला. जर्मन प्रोग्रॅमसकट.

वायर मात्र लक्ष्मीपुरीची. मिडीचा प्लग पाच पिनांचा असतो. रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्यानं तो बघताक्षणी सांगितलं, "ह्यो तर जुन्या टेपचा डिन प्लग." खरंच होतं. त्यानं टेपरेकॉर्डरचेच प्लग लावून दोन वायरी करून दिल्या. मिडीला पाचातल्या तीनच पिना लागतात, पण त्यानं आपला पाचही जोडल्या, कसब दाखवायला. अटारीनं उरलेल्या दोन पिनांवर शहाणपणा करून थ्रूचा, म्हणजे आत आलेल्या सूचना तशाच पुढं पाठवायचा, सिग्नल काढलेला आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक? कीबोर्डनं त्या पिनांकडं लक्ष दिलं नाही म्हणून निभावलं.

बुरशी

फ्लॉपीचं झाकण सरकवलं की आत तपकिरी चकती दिसते. आमच्या निम्म्या चकत्यांवर पांढुरके ठिपके होते, शिळ्या भाकरीवर येतात तसे. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं हेड ती बुरशी चकतीवर घासत फिरतं आणि मग चकतीवर गोल चरे पडतात. डेटा त्या चऱ्यात गेला की गेला. ताईच्या मुलानं उत्साहात ऑनलाइन मागवलेली यूएसबी ड्राइव्ह लावून दोन फ्लॉप्या आधीच घालून बघितल्या होत्या. त्यातली एक वाचलीच नाही. त्याला काही बोललो नाही. बारा वर्षांचं पोर, आजोबांसाठी करत होतं.

पद्धत अशी ठरली. फ्लॉपीचं कवच कडेनं सोडवायचं, चकती काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडानं दोन्ही बाजू अगदी हलक्या हातानं, मधून कडेकडं पुसायच्या, सुकू द्यायच्या, आणि नवीन फ्लॉपीच्या कोरड्या कवचात बसवायच्या. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेड पुसायचं. एका फ्लॉपीला सुमारे अर्धा तास. घाई केली त्या एका फ्लॉपीला माझ्याच नखाचा चरा आहे.

यूएसबी ड्राइव्ह तशीही निरुपयोगीच होती. नेहमीची फ्लॉपी ८० ट्रॅक, म्हणजे गोल रांगा, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटचे ९ सेक्टर, म्हणजे कप्पे, अशी असते. नव्वदच्या दशकात फ्लॉपी महाग, म्हणून अण्णांच्या मुंबईच्या मित्रानं शिकवलेल्या युक्तीनं त्यांनी ती ८२ ट्रॅक आणि १० सेक्टरांनी फॉरमॅट केली होती. ७२० केबीच्या जागी ८२० केबी. शंभर केबीची बचत. यूएसबी ड्राइव्हला असलं काही समजत नाही. शिवाय काही फ्लॉप्या जास्त क्षमतेच्या, दोन भोकांच्या होत्या; अटारीची ड्राइव्ह दुसऱ्या भोकाकडं बघतच नाही, पण पीसीची ड्राइव्ह बघते आणि चुकीच्या पद्धतीनं वाचायला जाते. भोकावर चिकटपट्टी लावली की झालं. सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय.

वाचायला ग्रीसवीझल नावाचं छोटं सर्किट वापरलं. ते जुन्या पीसीच्या ड्राइव्हला जोडतात आणि ते फाइली वगैरे बघतच नाही. चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे, वेळेसकट टिपून घेतं. अर्थ नंतर लावायचा. एकाच ट्रॅकवरून दहा-दहा वेळा फिरवून एकेक सेक्टर सोडवता येतो.

३१ पैकी २२ पूर्ण वाचल्या. ५ अर्धवट. ४ गेल्या. नाटकाच्या दोन फ्लॉप्या वाचल्या त्या बावीसात होत्या. गेलेल्या चारांत एकीवर अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं: "बँक. हात लावू नये."

वाचलेला ऐवज अटारीला पुन्हा भरवायचा प्रश्न होता, कारण क्युबेसच्या जुन्या फाइली उघडायला जुना क्युबेसच बरा आणि त्याला ते डोंगल लागतं. डोंगल खाचेत तसंच राहिलेलं, कुणी उपटलं नव्हतं, हे आमचं नशीब. फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह लावायचा गोटेक नावाचा डबा मिळतो. तो आम्हाला संगीतवाल्यांकडं नाही, इचलकरंजीत एम्ब्रॉयडरी मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाला. जुन्या एम्ब्रॉयडरी मशीनचीही डिझाइनं फ्लॉपीवरच असतात. अटारी सुरू झाला, क्युबेस उघडला, नाटकाची फाइल पडद्यावर आली. तिथून ती साध्या मिडी फाइलमध्ये काढली.

पहिलं ऐकणं

ताईच्या मुलानं ती फाइल आपल्या लॅपटॉपवर लावली. बासरीच्या जागी बेस गिटारच्या थापा सुरू झाल्या.

अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ते वाजवतोय.

भानगड अशी. फाइलमध्ये "३७ नंबरचा आवाज लाव" एवढीच सूचना आहे. अण्णांच्या एम-१ मध्ये ३७ वर त्यांनी घडवलेली बासरी होती. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचं प्रमाण ठरलं आणि त्यात प्रत्येक नंबरला ठरावीक वाद्य मिळालं. लॅपटॉप तेच पाळतो. त्या यादीत या जागेवर स्लॅप बेस आहे. अण्णांचा कीबोर्ड १९८८ चा, प्रमाण ठरण्याआधीचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

मग माळ्यावरचा एम-१ खाली आला. एम-१ मध्ये आवाजांचे मूळ नमुने रॉममध्ये पक्के कोरलेले असतात, पण त्यांवरून आपण घडवलेले शंभर आवाज साध्या मेमरीत राहतात आणि ती मेमरी नाण्याएवढ्या एका बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी केव्हाच मेली होती. आमच्या कुंभार गल्लीच्या भाषेत सांगायचं तर शाडू जागेवर होता, मूर्ती गेली होती. आणि मूर्तीचा साचा, म्हणजे त्या आवाजांची बँक, "हात लावू नये" या फ्लॉपीत होता.

नवी बॅटरी घातली, कारखान्यातले मूळ आवाज परत भरले आणि राहिली वही. वहीतल्या ३७ नंबरच्या ओळीत एवढंच वाचता येत होतं: "बासरी – फुंक जास्त, शेवट लांब, कंप उशिरा." आकडे असतील तर ते निळ्यात गेले. पण ही ओळ ज्यानं एम-१ चालवलाय त्याला पुरेशी आहे. सुरुवातीला श्वासाचा आवाज मिसळायचा, सोडल्यावर सूर रेंगाळायला हवा, कंपन सूर लागल्यावर थोड्या वेळानं यायला हवं. दोन संध्याकाळी बसून बासरी उभी राहिली. अण्णा डोळे मिटून "अजून फुंक", "आता फार झाली" म्हणत होते.

मग फाइल लावली. सूर बरोबर, बासरी बासरीसारखी, ठेका बरोबर. आणि बारा सेकंदांनंतर पहिली मींड आली आणि आम्ही तिघंही चपापलो. बासरी षड्जावरून निघाली, वर सरकली आणि शुद्ध रिषभावर येऊन थांबली. तिथंच उभी राहिली. खाली तंबोऱ्याचा आवाज आणि व्हायोलिनं मध्यमावर गेलेली. इतकं बेसूर की ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"हे मी बसवलेलं न्हाई," अण्णा म्हणाले.

मी फाइलमधल्या ओळी उघडल्या. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मिडीत पिच बेंडच्या, म्हणजे सूर ओढायच्या, सूचनांची रांग असते. एम-१ ला त्यासाठी डाव्या हाताला जॉयस्टिक आहे. आकडे शून्यापासून चढत चढत पार टोकाला, म्हणजे जास्तीत जास्त आकड्यापर्यंत गेले होते. अण्णांनी जॉयस्टिक शेवटपर्यंत ढकलली होती. यापुढं जायला जागाच नव्हती. तरी रे वरच? कारण टोक म्हणजे किती, हे फाइलमध्ये नसतं. ते त्या आवाजाच्या मांडणीत असतं, आणि सर्वसाधारणपणे ते दोन स्वरांतरं, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्या, असतं: सा पासून शुद्ध रे. अण्णांनी आपल्या बासरीला ते वाढवलेलं असणार. किती? वहीत नव्हतं.

"लिहून का ठेवलं नाही अण्णा?"

"ओढ कोण लिहून ठेवतंय? हाताला ठाऊक असती."

साक्षीदार कॅसेट

प्रयोगाच्या वेळी कुणीतरी सहाव्या-सातव्या रांगेत टू-इन-वन ठेवून कॅसेट भरली होती. ती कपाटाच्या वरच्या फळीवर होती म्हणून कोरडी राहिली. लाइट गेल्यावरचा ढोलकीचा तो तीन मिनिटांचा ऐवज तिच्यात नाही. हा दुसऱ्या प्रयोगाचा टेप असावा. त्यात मींड ऐकू येते. सा वरून निघून सरळ शुद्ध मध्यमावर, म्हणजे पाच स्वरांतरं. एम-१ मध्ये ओढ दोनाची पाच केली, फाइल पुन्हा लावली. बासरी मध्यमावर जाऊन बसली. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त मांडीवर थाप मारली, सम आली तिथं.

इथं प्रकरण संपलं असतं तर बरं, पण आता कॅसेट आणि एम-१ शेजारी शेजारी ऐकताना दोघांचा सूर जुळेना. कॅसेट वर होती. मोजून पाहिलं तर ६४ सेंटनं वर. एक स्वरांतर म्हणजे शंभर सेंट, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त. "कॅसेट पळती," ताई म्हणाली. कॅसेटचं नेहमीचंच आहे हे. टू-इन-वनची मोटर, जुना पट्टा. पण किती पळते?

ते फाइलनं सांगितलं. सीक्वेन्सरचा ठेका घड्याळासारखा असतो. फाइलमध्ये पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत १९२ सेकंद. वहीत, वाचता येणाऱ्या वरच्या भागात, पडद्याच्या वेळेपुढं "३ मि. १२ से." लिहिलेलंच आहे, म्हणजे प्रयोगाच्या रात्री कुणी वेग बदललेला नाही. कॅसेटवर तेच अंतर १८७ सेकंद भरलं. १९२ भागिले १८७, म्हणजे कॅसेट सुमारे २.७ टक्क्यांनी पळते, आणि त्यामुळं सूर ४६ सेंटनं चढतो. इथं पाव सेकंद चुकलं तर दोनेक सेंटचा फरक पडतो, म्हणून तीनदा मोजलं.

६४ मधून ४६ गेले. उरले १८. ते १८ सेंट कॅसेटचे नाहीत.

मी अण्णांना विचारलं, त्या रात्री कीबोर्डचा सूर वर केला होता का? ते लगेच म्हणाले, "तर! पेटी माझी चढी. पेटी काय स्क्रूनं खाली येती व्हय? कीबोर्डच वर घ्यायचा." पत्तीचं वाद्य ऐन वेळी लावता येत नाही, कीबोर्डचा सूर एका आकड्यानं सरकतो. ४४० च्या जागी साधारण ४४४ आणि अर्धा हर्ट्झ. हा आकडाही फाइलमध्ये नव्हता. तो कीबोर्डच्या सर्वसाधारण मांडणीत होता आणि बॅटरीबरोबर गेला. अण्णांची ती पेटी अजून आहे. काढून, पुसून, मीटर लावून मोजली. मधल्या सप्तकात १५ ते २० सेंटनं चढी निघाली.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त आनंद या अठराचा झाला, हे कबूल करतो. नुसत्या कॅसेटवरून तो निघाला नसता आणि नुसत्या फाइलवरून तर नाहीच.

तार तुटली पाहिजे

ताईच्या मुलानं मध्येच विचारलं, एम-१ चं सॉफ्टवेअर मिळतं की, ते का नाही वापरत? मिळतं, कॉर्गनंच काढलेलं आहे, आणि आवाज हुबेहूब आहे. लावून पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला एक जागा आहे, तिथं व्हायोलिनं लांब धरलेली असतात आणि त्यावर घंटा, बेस आणि बासरी एकदम येतात. सॉफ्टवेअरमध्ये सगळं भरघोस वाजलं. अण्णा म्हणाले, "न्हाई. हितं तार तुटती."

खऱ्या एम-१ ला एका वेळी सोळाच आवाज काढता येतात, आणि दोन थरांचा आवाज असला तर आठच सूर. नवा सूर आला की तो एखाद्या जुन्याचा बळी घेतो. त्या जागी व्हायोलिनं मध्येच छाटली जायची. अण्णांना ते माहीत होतं आणि दिग्दर्शकाला सांगून त्यांनी नटाचं पहिलं वाक्य त्या छाटण्यावर बसवलं होतं. यंत्राची ओढाताण त्यांनी नाटकाच्या कामाला लावली. सॉफ्टवेअरला ही अडचण नाही, म्हणून ती जागाही नाही.

असंच मिडीच्या वायरीचं. ती सेकंदाला ३१,२५० बिटं नेते. एका सुराच्या सूचनेला साधारण एक मिलिसेकंद. ऐकायला भरपूर वाटतं, पण सूचना एकामागून एक जातात, एकदम नाही. समेवर दहा सूर आणि त्यात मींडेची रांग घुसली की शेवटचा सूर मागं पडतो. फाइलमध्ये अण्णांनी समेच्या आसपासच्या मींडेतली प्रत्येक दुसरी सूचना हातानं काढून टाकलेली दिसते. विचारलं तर म्हणाले, "ढोलकीवाला म्हणायचा, तुझा कॉम्प्युटर समेवर लोळतोय." कुणी सांगितलं नव्हतं, मॅन्युअल इंग्रजीत, कानानं शोधलेलं.

जे नाही आलं

ढोलकी फाइलमध्ये नाही, ती प्रत्यक्ष वाजली होती. पेटी नाही. पाच अर्धवट फ्लॉप्यांत एका मेळ्याची चार गाणी आहेत, त्यांचे सूर मधूनमधून गायब आहेत; अण्णांनाही ती नीट आठवत नाहीत. ती सोडून दिली.

आणि एक गोष्ट एम-१ मधून स्वच्छ ध्वनिमुद्रण करून दोन्ही ऐकल्यावर लक्षात आली. कॅसेटवर घुरघुर आहे, खोकला आहे, मागं कुणाचं तरी पोर रडतंय. पण त्यात नाट्यगृह आहे. ती घंटा वाजल्यावर मागच्या भिंतीवरून जी परत येते ती त्या इमारतीची. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभी केलेली ती इमारत ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. त्या रात्री निम्मं कोल्हापूर खासबागेकडं धावलं होतं, मीही होतो. नाट्यगृह पुन्हा बांधायचं ठरलंय, होईल. तो घुमारा कुठल्या कीबोर्डमध्ये घडवता येईल का, असं पोरानं विचारलं. जवळपासचा येईल, म्हटलं.

शेवटी तीन फाइली दिल्या. एम-१ वरचं स्वच्छ ध्वनिमुद्रण, ओढ पाच आणि सूर १८ सेंट वर. कॅसेट जशी आहे तशी. आणि कॅसेटचा वेग सुधारून तिच्याखाली एम-१ हलकेच मिसळलेलं मिश्रण. दोन्हीचा वेग एकदा जुळल्यावर ते सुरापासून सुरापर्यंत एकमेकांवर बसलं. ताईला तिसरं आवडलं. अण्णांनी तिन्ही ऐकली आणि दुसरं परत लावायला सांगितलं.

ते संपल्यावर त्यांनी वही मागितली. निळ्या डागाच्या वर, ३७ च्या ओळीपुढं थोडी कोरडी जागा होती. बॉलपेननं तिथं लिहिलं: "ओढ ५." मग मला विचारलं, "ते अठरा कशात मोजलंस म्हणालास?" सेंट, म्हटलं. "म्हंजे पैशासारखं?" हो, शंभराचा एक. त्यांनी खाली लिहिलं, "सूर वर, १८ पैसे," वही मिटली आणि पोराला म्हणाले, "ही आता माळ्यावर ठेव. पलंगाखाली नको."